सॉफ्टवुडच्या मालाचा एचएस कोड वारंवार अडतोय? कागदापासून भिंगापर्यंतच्या तपासण्या

सॉफ्टवुडचा, म्हणजे पाइन-स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचा, कंटेनर कस्टम्समध्ये अडकला की मला येणारा पहिला फोन जवळपास ठरलेला असतो. "गेल्या खेपेला हाच कोड चालला होता, मग आताच काय झालं?" बरीच वर्षं अशी प्रकरणं सोडवल्यावर माझं मत पक्कं झालंय: गेल्या खेपेला बहुधा कोणी माल उघडून पाहिलाच नव्हता. कोड चालणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं.

ओंडका आणि तयार वस्तू यांच्या मधलं लाकूड म्हणजे करवतलेल्या फळ्या, रंधलेले बत्ते, खाचा पाडलेल्या पट्ट्या, फिंगर जॉइंटने (टोकांना दाते पाडून, ते एकमेकांत बसवून) जोडलेले तुकडे. व्यापारात आपण हा माल नावावरून आणि वापरावरून ओळखतो: 'स्टड' (भिंतीच्या सांगाड्याचा उभा बत्ता), 'डेकिंग', 'पॅलेटची फळी'. एचएसचं, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय कस्टम्स वर्गीकरणाचं, लाकडाविषयीचं प्रकरण ४४ मात्र मुख्यतः लाकडावर काय काम केलंय आणि ते अंगावर कसं दिसतंय, हे विचारतं. बहुतेक अडचणी या दोन सवयींच्या फटीत जन्मतात. म्हणून खालच्या सगळ्या तपासण्या एकाच दिशेने जातात: नाव बाजूला ठेवा, तुकडा हातात घ्या.

लक्षणं

- पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवरचा सहा अंकी कोड आयात करणाऱ्या देशाच्या सिस्टिममध्ये सापडतच नाही.
- एकाच मालाला एका बंदरात ४४०७ (करवतलेलं लाकूड) लागतो, दुसऱ्या बंदरात ४४०९ (लांबीभर सलग आकार दिलेलं लाकूड).
- इन्व्हॉइसवरचे घनमीटर आणि प्रत्यक्ष मोजणीचे घनमीटर यांत जवळपास एक तृतीयांशाची तफावत निघते.
- "फर म्हणजे नेमकं कोणतं झाड?" अशी विचारणा येते.
- अधिकारी कोड बदलून ४४१८ (बांधकामाचं सुतारकाम) किंवा ४४२१ (लाकडाच्या इतर वस्तू) सुचवतात आणि त्याबरोबर शुल्क किंवा परवान्याचा नवाच प्रश्न उभा राहतो.

पहिल्या चार लक्षणांचा उपाय बहुतेक वेळा तुमच्या टेबलावरच असतो. पाचवं लक्षण दिसलं तर तपासण्या जरूर करा, पण उत्तर पाठवायच्या आधी शेवटचा भाग वाचा.

१. कोड कोणत्या आवृत्तीतला आहे?

याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य, म्हणून सुरुवात इथूनच. एचएस ही वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनची पद्धत १९८८ पासून लागू आहे आणि दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती येते. २०१२ च्या आवृत्तीपर्यंत सूचिपर्णी झाडांचं सगळं करवतलेलं लाकूड ४४०७.१० या एकाच उपशीर्षकात (सहा अंकी कोडात; पहिले चार अंक म्हणजे शीर्षक) जात असे. २०१७ मध्ये ते फुटलं: पाइनला ४४०७.११, फर आणि स्प्रूसला ४४०७.१२, उरलेल्यांना ४४०७.१९. २०२२ मध्ये आणखी दोन आले, ४४०७.१३ एसपीएफसाठी (स्प्रूस-पाइन-फरचं मिश्र लाकूड) आणि ४४०७.१४ हेम-फरसाठी (हेमलॉक आणि फरचं मिश्र लाकूड). त्याच वर्षी बांधकामाच्या खांब-तुळयांचा ४४१८.६० जाऊन ४४१८.३० आला, आणि ग्लुलॅमला (एकाच दिशेने थर चिकटवलेलं लाकूड) ४४१८.८१ व क्रॉस लॅमिनेटेड टिंबरला (आडवे-उभे थर चिकटवलेलं लाकूड) ४४१८.८२ अशी स्वतःची जागा मिळाली.

जुनी इन्व्हॉइस कॉपी करून नवी बनवणाऱ्या पुरवठादाराकडून मला अजूनही ४४०७.१० आलेला दिसतो. हा कोड दिसला तर पुढचं काही वाचायच्या आधी तो दुरुस्त करून घ्या. पहिले सहा अंक सगळीकडे सारखे असतात, त्यापुढचे प्रत्येक देशाचे स्वतःचे. त्यामुळे निर्यातदाराचे आठ किंवा दहा अंक तसेच्या तसे उतरवू नका. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे. लांब मुदतीच्या करारात कोड लिहिताना शेजारी आवृत्तीचं वर्षही लिहा.

२. झाडाचं लॅटिन नाव मागा

व्यापारी नावांवर विसंबून जितकी प्रकरणं अडलेली मी पाहिली, तितकी दुसऱ्या कुठल्याच कारणाने नाही. एचएसमध्ये पाइन म्हणजे पायनस, फर म्हणजे ॲबिएस, स्प्रूस म्हणजे पिसिया. वंशाचं नाव तिथे स्पष्ट छापलेलं आहे. आता बाजारातली नावं पाहा. डग्लस फर ही फर नाहीच, ती स्यूडोत्सुगा, म्हणून तिची जागा ४४०७.१९. 'ओरेगन पाइन' म्हणजे पुन्हा हीच डग्लस फर, पाइन नव्हे. 'पराना पाइन' ही अरौकेरिया. वेस्टर्न रेड सीडार म्हणजे थूजा प्लिकाटा, म्हणून तीही 'इतर'मध्ये. आणि 'स्पॅनिश सीडार' तर सेड्रेला, म्हणजे रुंदपर्णी झाड, ते सॉफ्टवुडच्या उपशीर्षकांत बसतच नाही.

सगळ्यात फसवं नाव 'रेडवुड'. युरोपच्या लाकूड व्यापारात रेडवुड म्हणजे पायनस सिल्व्हेस्ट्रिस, तिचा कोड ४४०७.११. अमेरिकेत रेडवुड म्हणजे सेक्वोया, तिचा कोड ४४०७.१९. एकाच शब्दाचे दोन कोड, आणि दोन्ही पुरवठादार आपापल्या जागी खरं बोलत असतात. 'व्हाइटवुड' लिहिलेलं असेल तरी तेच: युरोपात त्याचा अर्थ स्प्रूस किंवा फर, पण शब्द वाचून कस्टम्स अधिकाऱ्याने तो ओळखावा ही अपेक्षा चुकीची.

एसपीएफबद्दल थोडं सावकाश सांगतो, कारण २०२२ नंतर गोंधळ वाढलाय. ४४०७.१३ हा स्प्रूस, पाइन आणि फर यांच्या कुठल्याही मिश्रणाचा कोड नाही. उपशीर्षकाच्या टिपेत व्याख्या दिली आहे: जिथे या झाडांचं मिश्र जंगल आहे आणि मालात प्रत्येक जातीचं प्रमाण बदलतं व माहीत नसतं, तिथून आलेलं लाकूड. तुम्ही ६० टक्के स्प्रूस आणि ४० टक्के पाइन मुद्दाम मागवून एका कंटेनरमध्ये भरलंत तर प्रमाण तुम्हाला माहीत आहे. अशा मालाच्या दोन ओळी करा, दोन वेगळे कोड लावा. हेम-फरचंही तसंच: वेस्टर्न हेमलॉक आणि फर यांचं मिश्र जंगल, प्रमाण अज्ञात.

पुरवठादाराला एकच ओळ लिहा: "प्रत्येक आकाराच्या मालासाठी वंश आणि जात लॅटिनमध्ये द्या." उत्तर यायला दोन दिवस लागले तरी हरकत नाही. बंदरात माल पडून राहिल्यावर तेच उत्तर मागवायला डेमरेज, म्हणजे माल अडून राहिल्याचा आकार, भरावा लागतो.

३. घनमीटर खरे की नावापुरते?

उत्तर अमेरिकेतला 'टू बाय फोर' दोन इंच बाय चार इंच नसतो. रंधून वाळवल्यावर तो ३८ बाय ८९ मिलिमीटर भरतो. बोर्ड फुटाचा (एक फूट बाय एक फूट बाय एक इंच लाकडाचा) हिशोब मात्र नावाच्या मापावर होतो, आणि १००० बोर्ड फूट म्हणजे साधारण २.३६ घनमीटर. थेट गुणाकार करून घनमीटर काढले की आकडा फुगतो. टू बाय फोरमध्ये खरं लाकूड त्या आकड्याच्या ६५ ते ६६ टक्केच असतं. मोजणीत तूट दिसली की अधिकाऱ्याला आधी संशय येतो तो चुकीच्या घोषणेचा, आणि मग तपासणी कोडापर्यंत पोहोचते. पॅकिंग लिस्टवर प्रत्यक्ष जाडी, रुंदी, लांबी आणि नग द्या आणि घनमीटर त्यावरून काढा. एवढं पुरतं.

४. व्हर्नियर लावा: ६ मिलिमीटर आणि १५ सेंटिमीटर

४४०७ ला जाडी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त हवी. ६ किंवा त्याखाली गेली की पट्टी ४४०८ (व्हिनियर आणि पातळ पत्रे) मध्ये जाते. पातळ पट्ट्यांचा व्यवहार असेल तर एका गठ्ठ्यातले निदान दहा-बारा नग मोजा, कारण सहाच्या आसपासचा माल करवतीच्या पात्यागणिक खालीवर होतो.

दुसऱ्या टोकाला ४४०३, म्हणजे ओंडके आणि ओबडधोबड चौकोनी केलेलं लाकूड. कुऱ्हाडीने किंवा वाकसाने तासलेली, किंवा ढोबळ करवतलेली तुळई, जिच्या अंगावर खडबडीत जागा किंवा सालीच्या खुणा राहिल्या आहेत, ती ४४०३. व्यवस्थित करवतलेली तुळई ४४०७. ४४०३ मध्ये पाइन, फर, स्प्रूस आणि इतर सूचिपर्णी ओंडक्यांचे पुन्हा दोन भाग पडतात: आडव्या छेदाचं सगळ्यात लहान माप १५ सेंटिमीटर किंवा जास्त, आणि त्याखालचे. 'सगळ्यात लहान' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ओंडक्याचं जाड टोक मोजून कोड ठरवणारे लोक मी पाहिले आहेत; मोजायचं असतं ते निमुळतं टोक.

५. कडेवरून बोट फिरवा

सगळ्यात जास्त वाद ४४०७ आणि ४४०९ यांच्यात होतात, म्हणून इथे वेळ काढा.

रंधा मारणं, घासकागदाने घासणं आणि टोकाला टोक जोडणं या तीन गोष्टी ४४०७ च्या शीर्षकातच लिहिलेल्या आहेत. त्यांनी माल ४४०७ बाहेर जात नाही. फळीच्या कडेला, टोकाला किंवा पृष्ठभागावर लांबीभर सलग आकार दिला की ४४०९ सुरू होतो: जीभ, खाच, व्ही आकाराचा सांधा, तिरकी कड, गोलवा, नक्षीची पट्टी.

मग रंधताना कोपरा जरासा मोडला तर? स्टडच्या कडा हाताला लागू नयेत म्हणून थोड्या गोल केलेल्या असतात. ४४०७ च्या स्पष्टीकरणात्मक टिपेत याचं सरळ उत्तर आहे: रंधताना दोन लगतच्या बाजूंमधला कोन किंचित गोल झाला तरी लाकूड ४४०७ मध्येच राहतं. एका खेपेला अधिकाऱ्यांनी अशाच कडांना 'गोलवा' ठरवून ४४०९ लावला होता. मी आडव्या छेदाचं मापासकट रेखाचित्र, टोकाकडून काढलेला फोटो आणि त्या टिपेचा उतारा जोडला. वाद तिथेच मिटला. छेदाचं रेखाचित्र तेव्हापासून मी प्रत्येक रंधलेल्या मालासोबत आधीच लावतो आणि तुम्हीही लावावं असं मनापासून सांगतो. शब्दांत 'किंचित' किती हे कोणी सांगू शकत नाही, चित्रात दिसतं.

उलटं प्रकरणही झालं. दोन वर्षं ४४०७ मध्ये सुरळीत येणाऱ्या रंधलेल्या फळ्या अचानक अडल्या. इन्व्हॉइस तीच, माप तेच. फळी उलटी केली तेव्हा पाठीवर लांबीभर दोन उथळ खाचा दिसल्या. फळी वाकू नये म्हणून पुरवठादाराने यंत्रातलं पातं बदललं होतं आणि ते कोणाला कळवलं नव्हतं. सलग खाच म्हणजे ४४०९. अधिकारी बरोबर होते. म्हणून फळीच्या चारही बाजू आणि दोन्ही टोकं पाहा. दिसायला सुंदर बाजूच फोटोत येते आणि खाच नेहमी पाठीवर असते.

लाकूड वाळवलंय, क्रिओसोट किंवा दुसरं संरक्षक औषध पाजलंय, रंगवलंय, वॉर्निश केलंय, यामुळे शीर्षक बदलत नाही. 'केडी' (भट्टीत वाळवलेलं) किंवा 'एचटी' (उष्णता दिलेलं) असा शिक्का आहे म्हणून वेगळा कोड मागणारे भेटतात. तसं काही नाही. अपवाद दोनच लक्षात ठेवा: ४४०३ चे ओंडके आणि ४४०६ चे रेल्वे स्लीपर. तिथे औषध पाजलंय की नाही यावर उपशीर्षक बदलतं.

६. डिंक कुठे लागलाय?

तुकड्याच्या टोकाकडून पाहा. टोकाला टोक फिंगर जॉइंटने जोडलं असेल तर ४४०७ किंवा आकार असेल तर ४४०९, चिंता नाही. पण कडेला कड चिकटवून रुंद फलक केला असेल तर ४४०७ मध्ये त्याचा उल्लेखच नाही. असा माल ४४०७ म्हणून जाहीर करू नका. थरावर थर चिकटवला असेल तर प्रश्न ४४१२ (प्लायवुड आणि तत्सम थरांचं लाकूड) आणि ४४१८ यांच्यात जातो आणि उत्तर थरांची दिशा, जाडी आणि बांधकामातली भूमिका यांवर ठरतं. माझा स्वतःचा नियम असा आहे: टोकाच्या सांध्याव्यतिरिक्त कुठेही डिंकाची रेघ दिसली की मी एकट्याने कोड ठरवत नाही.

७. टोकं आणि भोकं

टोकाला खाच आणि कुसू, किंवा डव्हटेल असं काम झालं असेल तर माल सुताराच्या बांधकामाच्या कामाकडे, म्हणजे ४४१८ कडे सरकतो. मोकळ्या फळ्या पॅलेटच्या लांबीला कापल्यात, एवढ्यानेच पॅलेट होत नाही. पण एका पॅलेटचे सगळे भाग संच म्हणून एकत्र आले, तर एचएसच्या सामान्य नियम २(अ) प्रमाणे न जोडलेली वस्तूही वस्तूच मानली जाते आणि ४४१५ चा (पॅलेट आणि खोक्यांचा) प्रश्न येतो.

भोकांबद्दल एक जुनं प्रकरण माहीत असलेलं बरं. १९९६ च्या अमेरिका-कॅनडा सॉफ्टवुड करारात कॅनडाच्या चार प्रांतांमधून वर्षाला १४.७ अब्ज बोर्ड फूट लाकूड शुल्काशिवाय जाऊ शकत होतं, आणि करार ठरावीक कोडांवर बेतलेला होता. वायर नेण्यासाठी भोकं पाडलेले स्टड सुरुवातीला अमेरिकी कस्टम्सने ४४१८ मध्ये मानले, म्हणजे ते कोट्याबाहेर राहिले. १९९८ मध्ये त्यांनी हा निर्णय फिरवला आणि तेच स्टड ४४०७ मध्ये आणले. लाकूड तेच, भोकही तेच. दोन देशांची सरकारं ज्यावर भांडली त्या प्रश्नाचं उत्तर कोणी फोनवर छातीठोकपणे देत असेल, तर त्याच्यावर माल बुक करू नका.

८. भिंग

झाडाच्या नावावरच शंका असेल तर दहापट भिंग आणि धारदार पातं घ्या. टोकाचा भाग स्वच्छ कापा आणि ओला करून पाहा. रुंदपर्णी लाकडात छिद्रं, म्हणजे वाहिन्या दिसतात. सूचिपर्णी लाकडात त्या नसतात. पाइनमध्ये राळेच्या नलिका चांगल्या ठळक असतात. स्प्रूस, लार्च आणि डग्लस फरमध्येही त्या असतात, पण बारीक. ॲबिएस फर आणि हेमलॉकमध्ये सामान्यपणे नसतात. म्हणजे 'पाइन' म्हणून आलेल्या मालात नलिकाच दिसल्या नाहीत तर पुरवठादाराला फोन करायला भक्कम कारण मिळालं. एवढ्यावर जात ठरवू नका मात्र. स्प्रूस की लार्च हे सांगायला प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक लागतो.

कुठे थांबायचं

पहिल्या पाच तपासण्या कोणीही करू शकतं आणि कराव्यातच. पुढील परिस्थितीत मात्र हात थांबवा आणि वर्गीकरणाचा अनुभव असलेला कस्टम्स ब्रोकर किंवा वकील गाठा.

लेखी नोटीस आली असेल, तर उत्तर स्वतः लिहू नका. पहिल्या उत्तरातलं वाक्य पुढे सगळीकडे तुमच्याच विरोधात वाचलं जातं. तपासणी करताना जुन्या खेपांचाही कोड चुकल्याचं लक्षात आलं असेल, तर गुपचूप नव्या खेपेपासून कोड बदलणं हा सगळ्यात वाईट मार्ग. आपणहून कळवण्याची तरतूद बऱ्याच देशांत असते, पण ती वेळेवर आणि नीट वापरावी लागते. अँटी-डम्पिंग किंवा काउंटरव्हेलिंग शुल्काचा (फार स्वस्तात विकलेल्या किंवा सरकारी अनुदान मिळालेल्या मालावरच्या जादा शुल्काचा) विषय असेल तरीही थांबा. अमेरिकेत अशा आदेशांची व्याप्ती मालाच्या लेखी वर्णनावरून ठरते, कोड फक्त सोयीसाठी दिलेले असतात. कोड बदलून शुल्क टळेल हा सल्ला तिथे थेट दंडाकडे नेतो. आणि डिंकाचे थर, भोकं, टोकाचं काम यांपैकी काही असेल तर वर सांगितलंच आहे.

एकच माल पुन्हा पुन्हा येणार असेल तर ॲडव्हान्स रुलिंग घ्या. जागतिक व्यापार संघटनेचा ट्रेड फॅसिलिटेशन करार २२ फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला आणि वर्गीकरणावर आगाऊ निर्णय देण्याची तरतूद त्यात आहे. युरोपियन युनियनमध्ये असा निर्णय साधारणपणे तीन वर्षं बंधनकारक असतो. युरोप आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणचे जुने निर्णय ऑनलाइन शोधता येतात; अर्ज करायच्या आधी तुमच्यासारखा माल तिथे पाहून घ्या. अर्ज माल निघायच्या आधीच करा. एकदा कंटेनर बंदरात उभा राहिला की तो तुमच्या हातात राहत नाही.

ब्रोकरकडे जाताना सोबत न्या: मालाचा निदान तीस सेंटिमीटरचा खरा तुकडा, छेदाचं मापासकट रेखाचित्र, चारही बाजूंचे आणि दोन्ही टोकांचे फोटो, लॅटिन नाव असलेलं पुरवठादाराचं पत्र, कारखान्यात लाकडावर कोणत्या क्रमाने काय काम झालं याची यादी, आणि मागच्या सगळ्या खेपांचे कोड, चुकलेले धरून.